चालवून घेऊ नका: नवं फर्निचर सदोष निघालं तर

नवं कपाट घरी येतं आणि पहिले आठ दिवस कौतुकात जातात. मग एक दार खाली घासतंय असं जाणवतं. ड्रॉवर अर्ध्यावर अडकतो. पहिल्याच पावसाळ्यात तळाची फळी फुगते, कडेची पट्टी सुटून येते आणि आतून भुसा गळू लागतो. घरातलं कोणीतरी म्हणतं, "आता कुठे भांडत बसायचं? चालवून घेऊ." पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली जाते, पट्टीला फेव्हिकॉल लागतो, आणि वीस-तीस हजारांची वस्तू वर्ष संपायच्या आत जुनी होते.

हा लेख या 'चालवून घेऊ'च्या विरोधात आहे. मोबाइल बिघडला तर आपण दुसऱ्या दिवशी दुकान गाठतो. फर्निचरच्या बाबतीत मात्र हात आखडतो. वस्तू जड असते, जिन्यावरून उतरवणं कठीण असतं, दुकानदार बहुतेक वेळा ओळखीचा असतो आणि दोष हळूहळू उघड होतो. ही सगळी कारणं खरी आहेत. पण गप्प राहण्याची किंमत फक्त गैरसोयीपुरती नसते. माल नाकारण्याचा हक्क असूनही ग्राहक वाजवी मुदतीत काही न कळवता तो ठेवून घेत असेल, तर त्याने माल स्वीकारला असं कायदा धरतो. आपण समजूतदारपणा दाखवतो, आणि कागदावर ती संमती होऊन बसते.

दोन कायदे, एक ग्राहक

फर्निचर घेणाऱ्याच्या बाजूने मुख्यतः दोन कायदे आहेत. पहिला इंग्रजी अमदानीतला, १९३० चा वस्तू विक्री कायदा. दुसरा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. तो जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याने १९८६ च्या कायद्याची जागा घेतली. पहिला कायदा सांगतो, की व्यवहार झाला म्हणजे विकणाऱ्यावर न बोलताही कोणत्या जबाबदाऱ्या येतात. त्या पाळल्या नाहीत तर दाद कुठे मागायची, हे दुसरा सांगतो.

१९३० च्या कायद्यातली तीन कलमं फर्निचरला अगदी लागू पडतात. कलम १५ म्हणतं, वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. कलम १६ गरजेबद्दल आहे. 'कायद्याची जाड पुस्तकं ठेवायला मांडणी हवी' असं तुम्ही सांगितलंत, दुकानदाराच्या जाणकारीवर भरवसा ठेवून त्याने सुचवलेली मांडणी घेतलीत आणि महिन्याभरात फळ्या वाकल्या, तर ती मांडणी त्या कामाला योग्य नव्हती. कलम १७ नमुन्याबद्दल आहे. शोरूममधला सोफा दाखवून विक्री झाली असेल तर घरी येणारा सोफा त्याच प्रतीचा असायला हवा.

२०१९ च्या कायद्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या बरीच रुंद आहे. दर्जा, प्रमाण किंवा मानक यांत कोणतीही उणीव, मग तो दर्जा कायद्याने ठरवलेला असो, कराराने ठरलेला असो किंवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे सांगितलेला असो, ती उणीव म्हणजे दोष. 'कोणत्याही प्रकारे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कॅटलॉगमधली ओळ, दुकानावरची पाटी, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो, विक्रेत्याने दिलेली तोंडी ग्वाही, सगळं त्यात येतं. अडचण फक्त एवढीच, की तोंडी ग्वाही नंतर सिद्ध करावी लागते.

याच कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणून एक मोठी यादी आहे. माल ज्या प्रतीचा नाही त्या प्रतीचा आहे असं सांगणं, वापरलेला किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं, बिल न देणं, या गोष्टी तिच्यात आहेत. सदोष माल परत घेऊन पैसे परत करायला नकार देणंही तिच्यात आहे. बिलावर परतीची मुदत छापलेली असेल तर ती मुदत, आणि नसेल तर तीस दिवस, असं कायदा सांगतो.

वर्णन नीट वाचायचं म्हणजे काय

फर्निचरच्या बहुसंख्य तक्रारींचं मूळ वर्णनात असतं, म्हणून पैसे देण्याआधी दहा मिनिटं वर्णनावर घालवावीत. 'टीक फिनिश' म्हणजे सागवान नव्हे. तो फक्त रंग आणि रेषांचा आभास आहे, खाली काहीही असू शकतं. 'सॉलिड वूड' म्हणजे भरीव लाकूड, पण कोणतं, हे लिहिलेलं नसेल तर विचारावं. 'इंजिनिअर्ड वूड' हा शब्द तर प्लायवुड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड या तिन्हींना सरसकट लावला जातो, आणि या तिघांच्या किमतीत आणि आयुष्यात बराच फरक असतो.

ओळखायची खूण सोपी आहे: फळीची कापलेली कड पाहायची. प्लायवुडच्या कडेला एकावर एक पातळ थर दिसतात. पार्टिकल बोर्डच्या कडेला लाकडाचे बारीक तुकडे दाबून बसवलेले दिसतात. एमडीएफची कड पुठ्ठ्यासारखी एकसंध आणि गुळगुळीत असते. तयार कपाटांत ही कड पट्टीने झाकलेली असते, पण मागचा भाग, बिजागरीसाठी पाडलेली भोकं आणि ड्रॉवरचा तळ पाहिला की कळतं. विक्रेता पाहू देत नसेल तर तिथेच थांबावं. साध्या पार्टिकल बोर्डमध्ये पाणी शिरलं की तो फुगतो आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही. एकदा फुगला की त्यातले स्क्रूही पकड सोडतात. कोकणात, गोव्यात, मुंबईत जिथे चार महिने हवेत ओल असते तिथे हा फरक पहिल्याच वर्षी दिसतो.

प्लायवुडला भारतीय मानक ब्युरोची मानकं आहेत. सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडसाठी आयएस ३०३, मरीन प्लायवुडसाठी आयएस ७१०. आयएसआय चिन्हासोबत परवाना क्रमांक छापलेला असतो आणि ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर तो खरा आहे का ते पाहता येतं. सुताराकडून काम करून घेताना प्लायवुडची शीट कापण्याआधी या शिक्क्याचा फोटो काढून ठेवावा. शीट कापून वर सनमायका चढला की शिक्का पुन्हा दिसत नाही.

भरीव लाकडाचा दोष वेगळा असतो. लाकूड नीट वाळवलेलं नसेल तर घरी आल्यावर ते वाळत राहतं, आकसतं, पीळ खातं. टेबलाच्या पाटाला चीर जाते, सांधे उघडतात. कपाटाखाली पिवळसर भुकटी पडू लागली तर लाकडात कीड आहे. तिची अंडी किंवा अळ्या बहुधा माल घरी येण्याआधीपासून आत असतात. दोष पुढे दिसला तरी तो विक्रीच्या वेळीच मालात असू शकतो, हे तक्रार लिहिताना स्पष्ट मांडावं लागतं.

लोखंडी कपाटाच्या बाबतीत पत्र्याची जाडी विचारावी, आणि ती गेजमध्ये न घेता मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे अनेकांना माहीत नसतं, आणि मोठा आकडा ऐकून माल दणकट आहे असं वाटतं.

सोफ्याची गादी वजनकाट्यावर

वर्णन खोटं आहे हे सिद्ध करायला दरवेळी प्रयोगशाळा लागते असं नाही. सोफा घेताना '३२ डेन्सिटीचा फोम' असं सांगितलं जातं. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोग्रॅममधलं वजन. तो घरी तपासता येतो.

समजा बैठकीच्या एका गादीची चेन उघडली, आतला फोम बाहेर काढला आणि मोजला. लांबी ६० सेंटीमीटर, रुंदी ६०, जाडी १०. गुणाकार ३६,००० घन सेंटीमीटर, म्हणजे ०.०३६ घनमीटर. याला ३२ ने गुणलं की १.१५२ येतात. सांगितल्याप्रमाणे फोम असेल तर त्याचं वजन साधारण एक किलो दीडशे ग्रॅम भरायला हवं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो सातशे ग्रॅमच भरला, तर त्याची डेन्सिटी वीसच्याही खाली आहे. असा फोम लवकर बसतो आणि मधोमध खळगा पडतो. टेप लावून मोजमाप घेतानाचे आणि काट्यावरच्या आकड्याचे फोटो काढले की तक्रारीला आधार तयार झाला. फोमवर कापसासारखा पातळ थर चिकटवलेला असेल तर मापात थोडा फरक येतो, पण १,१५० आणि ७०० ग्रॅम यांतला फरक त्या थराने भरून निघत नाही.

माल घरी येतो तो दिवस

माल घेऊन आलेली माणसं घाईत असतात. पुढच्या तीन घरी त्यांना जायचं असतं. चलन पुढे करून ती म्हणतात, "इथे सही करा." त्या चलनावर बहुधा 'माल सुस्थितीत मिळाला' असं छापलेलं असतं. माल वाजवी रीतीने तपासून पाहण्याची संधी मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे; तो वस्तू विक्री कायद्याच्या कलम ४१ मध्येच दिलेला आहे. तपासायला वेळ मिळत नसेल तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहावं, 'खोकी बंद आहेत, उघडून पाहिलेली नाहीत'. ओरखडा किंवा मोडलेला कोपरा दिसला तर तोही तिथेच लिहावा आणि चलनाचा फोटो काढावा.

खोकी उघडताना व्हिडिओ काढणं ही चांगली सवय आहे. 'अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नाही म्हणून तक्रार घेणार नाही' असं काही कंपन्या सांगतात. ग्राहक कायद्यात तशी कोणतीही अट नाही. व्हिडिओ हा एक पुरावा आहे, एवढंच. तो नसला तरी फोटो, बिल, सुताराचा लेखी अभिप्राय असे इतर पुरावे चालतात.

बिल पक्कंच घ्यावं. 'बिल नको असेल तर जीएसटी वाचेल' हे आमिष महागात पडतं. मैदानावर किंवा मंगल कार्यालयात दहा-पंधरा दिवस लागणाऱ्या फर्निचर प्रदर्शनांतून खरेदी करताना तर ही खबरदारी दुप्पट घ्यावी, कारण मांडव उठला की विक्रेता शोधायचा कुठे, हाच प्रश्न होतो. बिलावर कायमचा पत्ता आणि जीएसटी क्रमांक आहे का ते पाहावं. या क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की व्यवसायाचं नोंदणीकृत नाव समोर येतं. पैसे देण्याआधी उभ्या उभ्या हे काम होतं.

बिलात नुसतं 'कपाट १ नग' असं लिहून घेऊ नये. माप, साहित्य, लाकडाचं किंवा बोर्डाचं नाव, वॉरंटीची मुदत, सगळं लिहून घ्यावं. पुढे वाद झाला तर हीच ओळ वर्णनाचा पुरावा ठरते.

दोष दिसला की त्याच दिवशी

दोष दिसल्यावर पहिला फोन दुकानदारालाच करावा. बहुतेक दुकानदार सरळ असतात आणि बरेच प्रश्न तिथेच मिटतात. पण फोन ठेवल्यावर तेच सगळं लेखी पाठवावं, ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर. भाषा साधी असावी आणि मागणी एकच, नेमकी असावी. नमुना असा:

"आपल्या दुकानातून ५ मे रोजी बिल क्रमांक अमुकने तीन दारांचं कपाट रु. २८,००० ला घेतलं. बिलावर साहित्य 'प्लायवुड' असं लिहिलं आहे. आज २० जून रोजी तळाची फळी फुगल्याचं आणि कडेची पट्टी सुटल्याचं दिसलं. आत पार्टिकल बोर्ड आहे. चार फोटो व एक व्हिडिओ सोबत जोडले आहेत. माल वर्णनाप्रमाणे नसल्याने मी तो नाकारत आहे. आपण १५ दिवसांत स्वखर्चाने कपाट परत न्यावं आणि पूर्ण रक्कम परत करावी. कपाट रिकामं करून ठेवलं आहे."

या छोट्या पत्रात तारीख, वर्णन, दोष, पुरावा, मागणी आणि मुदत एवढं सगळं आलं. 'मी तो नाकारत आहे' हे वाक्य मुद्दाम घातलं आहे. वाजवी मुदतीत नकार कळवला नाही तर १९३० च्या कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यासारखा होतो आणि मग माल फिरवण्याऐवजी नुकसानभरपाईवर समाधान मानावं लागतं. ग्राहक आयोग त्यानंतरही बदली किंवा परतावा देऊ शकतो, पण 'दीड वर्ष वापरलंत, तेव्हा का बोलला नाहीत?' हा प्रश्न समोरचा विचारणारच. दुरुस्तीची पहिली संधी द्यायची असेल तर तसं लिहा, पण मुदत घाला आणि दुरुस्ती न झाल्यास माल परत करणार, हेही लिहा.

आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. योग्य कारणाने नाकारलेला माल दुकानात पोहोचवून देण्याची जबाबदारी ग्राहकावर नाही. वेगळं काही ठरलेलं नसेल तर 'मी माल नाकारतो' असं कळवणं पुरेसं आहे, असं कलम ४३ सांगतं. चौथ्या मजल्यावरून कपाट उतरवायचं कसं, या काळजीने अनेक जण तक्रारच करत नाहीत. ती काळजी विकणाऱ्याने करायची आहे.

काउंटरवरची ठरलेली उत्तरं

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' बिलाच्या तळाशी ही ओळ छापली म्हणून सदोष मालाची जबाबदारी झटकता येत नाही. कायद्याने दिलेला हक्क दुकानदाराच्या छापील ओळीने जात नाही.

'कंपनीशी बोला.' पैसे तुम्ही दुकानदाराला दिलेत, बिल त्याने दिलं, व्यवहार त्याच्याशी झाला. त्याने पुढे कंपनीशी काय करायचं ते करावं. तक्रारीत दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले करता येतं, आणि करावं.

'वॉरंटी संपली' किंवा 'वॉरंटीत हे येत नाही.' वॉरंटी हे कंपनीने दिलेलं जादा आश्वासन आहे. ग्राहक संरक्षण कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या बदल्यात नाही, असं त्याचं कलम १०० सांगतं. माल मुळातच वर्णनापेक्षा वेगळा निघाला तर तिथे वॉरंटीचा प्रश्नच येत नाही.

'सेलमध्ये घेतलंत ना!' सवलत दिली म्हणून दर्जात सवलत मिळत नाही. विशिष्ट ओरखडा दाखवून, त्यासाठी किंमत कमी करून माल दिला असेल तर त्या ओरखड्याबद्दल तक्रार करता येणार नाही. न दाखवलेल्या दोषाबद्दल करता येते.

ऑनलाइन मागवलेलं आणि सुताराकडून करून घेतलेलं

ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. माल सदोष असेल, जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देता येत नाही. उशीर आटोक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झाला असेल तर गोष्ट वेगळी. प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं. खरेदी करताना उत्पादनाच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पान पुढे बदललं जाऊ शकतं. आयोगापुढे इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना त्यासोबत प्रमाणपत्र जोडलेलं बरं. त्याचा नमुना २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात दिलेला आहे.

हप्त्यांवर फर्निचर घेतलं असेल तर एक सावधगिरी. दुकानदाराशी वाद आहे म्हणून परस्पर हप्ते थांबवू नका. कर्ज देणारी संस्था वेगळी असते आणि थकबाकीची नोंद तुमच्या नावावर होते. हप्ते चालू ठेवून तिलाही वादाची लेखी माहिती द्या.

सुताराला किंवा इंटिरिअरवाल्याला काम दिलं असेल तर त्यात वस्तूही येते आणि सेवाही. ठरलेलं साहित्य न वापरणं हा दोष, काम अर्धवट सोडणं ही सेवेतली त्रुटी. मापांसह आराखडा, प्लायवुडचा प्रकार, बिजागरी आणि चॅनेल कोणत्या कंपनीचे, काम पुरं करण्याची तारीख, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा टप्पा काम तपासून झाल्यावर. चांगल्या कारागिराला या कागदाचा राग येत नाही. मागाहून वाढवलेल्या कामांपासून तो त्यालाही वाचवतो.

१९१५ ते जिल्हा आयोग

लेखी कळवूनही पंधरा दिवस काही झालं नाही, तर १९१५ हा क्रमांक फिरवा. ही केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती १७ भाषांत चालते, त्यांत मराठीही आहे. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण तुमची तक्रार नोंदवून कंपनीपर्यंत पोहोचवते आणि अनेक प्रश्न तिथेच सुटतात. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केलेली ग्राहक पंचायतीची चळवळ आणि १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत यांच्या कार्यकर्त्यांकडून मार्गदर्शन घेता येतं.

त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कोणत्या पायरीच्या आयोगाकडे जायचं हे तुम्ही दिलेल्या किमतीवर ठरतं. ५० लाखांपर्यंतचे व्यवहार जिल्हा आयोगाकडे जातात, त्यामुळे घरगुती फर्निचरची बहुतेक सगळी प्रकरणं तिथेच येतात. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. वकील लावणं सक्तीचं नाही. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. कंपनी बंगळुरूची असली तरी चिपळूणच्या ग्राहकाने रत्नागिरीत दाद मागावी. तक्रार ऑनलाइनही दाखल होते, आणि मागणी केल्यास सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने होऊ शकते. आधी वकिलाची नोटीस पाठवलीच पाहिजे असंही कायद्यात नाही.

तक्रारीसोबत बिल, चलन, फोटो, पत्रव्यवहार आणि प्रतिज्ञापत्र जोडा. एखाद्या अनुभवी सुताराचा सही केलेला अभिप्राय फार उपयोगी पडतो. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवतो. तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत आणि लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, याची मनाची तयारी ठेवा. मध्यस्थीचाही मार्ग आहे, आणि फर्निचरच्या वादात तो अनेकदा शहाणपणाचा ठरतो.

आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, पैसे व्याजासह परत करायला किंवा भरपाई द्यायला सांगू शकतो. मानसिक त्रासाची भरपाईही मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ मध्येच हे मान्य केलं आहे. आदेशाविरुद्ध अपील करणाऱ्या विक्रेत्याला भरायला सांगितलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. आदेश पाळलाच नाही तर किमान एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान २५,००० पासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

खुर्ची मोडून पडल्याने इजा झाली, तर प्रश्न नुसत्या खुर्चीच्या किमतीचा राहत नाही. २०१९ च्या कायद्यात उत्पादनामुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. अशा वेळी मोडकी खुर्ची टाकून देऊ नका, ती मुख्य पुरावा आहे.

जे मागता येत नाही

हक्कांची मर्यादाही नीट समजून घ्यावी, कारण पोकळ तक्रार खऱ्या तक्रारीचं वजन कमी करते. रंग आवडला नाही, मन बदललं, बेड खोलीत मावत नाही, म्हणून माल परत करण्याचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. कंपनीने स्वतःच्या धोरणात तशी सोय दिली असेल तरच ती मिळते. नैसर्गिक लाकडाच्या रेषा आणि छटा दोन नगांत वेगळ्या असतात, तो दोष नव्हे. रोज पाण्याने पुसल्याने फुगलेली फळी किंवा स्वतः चुकीचं जोडून मोडलेला सांधा विक्रेत्याच्या गळ्यात घालता येत नाही. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कामासाठी घेतलेला माल या कायद्यात बसत नाही. पोटापाण्यासाठी स्वतः खानावळ किंवा शिकवणी चालवणाऱ्याने त्या कामासाठी घेतलेली टेबलं-बाकं मात्र बसतात.

तक्रारीची मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये. 'माणूस पाठवतो', 'पुढच्या आठवड्यात बघतो' या आश्वासनांनी ही मुदत वाढत नाही.

गेल्या दोन वर्षांत घेतलेल्या फर्निचरची बिलं आजच शोधा आणि त्यांचे फोटो काढून ठेवा, कारण छापील शाई फिकी पडते. घरात एखादी नवी वस्तू 'चालवून घेतलेली' असेल तर तिचा दोष आज संध्याकाळी चार ओळींत लिहून विक्रेत्याला पाठवा. पैसे तुम्ही पूर्ण मोजले आहेत. वस्तूही पूर्ण मागा.